ढोलकी, पेटी, बेंजोवर वेस्टर्न स्विंग कसं बसवायचं

१९३० च्या दशकात अमेरिकेत टेक्सस आणि ओक्लाहोमाच्या शेतकरी भागात वेस्टर्न स्विंग नावाचं एक नाचायचं संगीत तयार झालं. वाद्यं गावाकडची होती: फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिन), गिटार, बँजो. ठेका मात्र शहरातल्या जॅझचा. फोर्ट वर्थमध्ये मिल्टन ब्राउन यांनी ते रुजवलं. बॉब विल्स यांनी १९३४ पासून तल्सा शहरातून रेडिओवर आणि नाचाच्या हॉलमध्ये वाजवून ते घराघरांत नेलं. पुढे त्यात क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट आले, ड्रम आला, विजेवरचा स्टील गिटार (मांडीवर आडवा ठेवून तारांवर सळई सरकवत वाजवतात तो) आला. टेक्सस राज्याने २०११ साली त्याला आपलं अधिकृत संगीत ठरवलं.

हे मराठवाड्यात बसवायला परदेशी वाद्यांची यादी लागत नाही. ढोलकी, हलगी, टाळ, पेटी, बेंजो (आपला बटणांचा), क्लॅरिनेट एवढं बहुतेक तालुक्यांत मिळतंच. लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या पार्टीकडे यातली निम्मी वाद्यं असतात, उरलेली भजनी मंडळाकडे. अडचण वाद्यांची नाही. आपल्याकडचा प्रत्येक वादक पूर्ण जागा भरून वाजवायला शिकलेला असतो आणि स्विंगमध्ये प्रत्येकाला एकच काम असतं. ते काम सोडून दुसऱ्याच्या जागेत हात घातला की ठेक्याचा सगळा डौल जातो. त्यामुळे खाली वाद्य कसं वाजवायचं यापेक्षा त्याने काय वाजवायचं नाही, यावर जास्त लिहिलं आहे.

आधी ठेका, बाकी सगळं नंतर

स्विंगचा एक बार चार ठोक्यांचा. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करा. पहिल्या भागावर वाजवा, दुसरा भाग गप्प, तिसऱ्यावर हलकं वाजवा. म्हणजे लांब-आखूड, लांब-आखूड अशी जोडी पडते. केरवा सगळ्यांना येतो, तिथूनच सुरू करा. सरळ केरवा असा:

धा गे ना ति | न क धि ना

यातल्या दोन-दोन मात्रांची जोडी म्हणजे एक ठोका. आता जोडीतली दुसरी मात्रा मागे ओढा:

धा ऽ गे | ना ऽ ति | न ऽ क | धि ऽ ना

हे तोंडाने म्हणत टाळी द्या. जमलं की यातले काही बोल काढा, काही बदला. राहतो तो ठेका असा:

धा ऽ ऽ | ना ऽ ति | ता ऽ ऽ | ना ऽ ति

पहिला आणि तिसरा ठोका मोकळा, दुसऱ्या आणि चौथ्याच्या मागे छोटी शेपटी. जॅझचा ड्रमर मोठ्या झांजेवर हाच नमुना तासन् तास वाजवतो. ढोलकीवर हा ठेका अर्धा तास न बदलता वाजवता आला तर निम्मं काम झालं. 'न बदलता' हे शब्द ढोलकीवाल्यासाठी आहेत. दर चार बारांना लग्गी लावायची सवय इथे बाजूला ठेवावी लागते.

दोन ठिकाणी गाडी हमखास घसरते. पहिलं म्हणजे दादरा. तीन भाग ऐकले की हात आपोआप दादऱ्याकडे जातो आणि मधला भागही वाजू लागतो. मधला भाग वाजला की नाच थांबतो, पाळणा सुरू होतो. तो भाग फक्त मनात मोजायचा. दुसरं म्हणजे वजन. आपल्याकडे समेवर भार असतो. इथे भार दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. वारकरी टाळकऱ्याला हे सगळ्यात जड जातं, कारण त्याचा हात वर्षानुवर्षं समेला जोरात पडलेला असतो.

यावर उपाय मोबाइलमधला मेट्रोनोम. तो ६० वर (मिनिटाला ६० टिका) लावा आणि येणारी प्रत्येक टिक दुसरा किंवा चौथा ठोका समजा. म्हणजे खरी लय झाली १२०. तोंडाने 'एक', मग टिक, 'तीन', मग टिक. सुरुवातीला टिक सारखी उलटी होऊन एक-तीनवर जाऊन बसते. गेली की थांबायचं, पुन्हा लावायचं. चालू ठेवून सुधारायला गेलं की चूकच पक्की होते.

लांब-आखूडचं प्रमाण लयीप्रमाणे बदलतं, हे लक्षात ठेवा. १२० ते १४० च्या आसपास दोनास एक बरोबर लागतं. लय २०० च्या पुढे गेली की दोन्ही मात्रा जवळजवळ सारख्या होतात; तिथे मुद्दाम लांब-आखूड वाजवलं तर लंगडल्यासारखं ऐकू येतं. नवीन गटाने १३० च्या वर जाऊच नये.

तालवाद्यांची वाटणी

ढोलकी: वरचा ठेका. शाईकडचा 'ना' किनारीवर, कोरडा. धूम (घुमणारी बाजू) एक आणि तीनवर, पण अगदी दबकी. हाताचा तळवा कातड्यावर टेकवूनच ठोका द्यायचा. धुमेला मोकळी घिसाई दिली की ती बेसच्या सुरांवर चढते आणि बेसवाला काय वाजवतोय हे कुणालाच कळत नाही. शाई गटाच्या 'सा'ला किंवा 'प'ला लावा.

टाळ: फक्त दोन आणि चारवर. दोन्ही वाट्या एकमेकांवर आपटून तिथेच दाबून धरायच्या. 'खण्ण' नको, 'चक्' हवा. ड्रमवाला पायाने झांजा मिटवून जो आवाज काढतो तो हाच. एक टाळकरी पुरे. दोघे असले तर दोघांचा 'चक्' कधीच एका क्षणी पडत नाही.

हलगी: ही जपून. हलगी बाहेरच्या मिरवणुकीसाठी केलेलं वाद्य आहे. बंद खोलीत ती सगळ्यांना गिळून टाकते. डाव्या हातातली बारीक काडी कडेजवळ ठेवून 'धा ऽ ऽ ना ऽ ति'चा नमुना अगदी हलक्याने चालवायचा. उजव्या हातातली जाड काडी फक्त आठव्या बारच्या शेवटच्या ठोक्यावर, म्हणजे मुखडा संपताना. हलगी तापवून एकदम चढवू नका. स्विंगसाठी ती थोडी उतरलेलीच बरी वाजते.

संबळ: ठेका धरायला नको. गायन संपून शेवटच्या फेरीत सगळे एकदम वाजवतात तेव्हा त्याला घ्या. तुळजापूरकडचे गोंधळी संबळावर जी पळती लय धरतात ती ऐकायला जबरदस्त असते, पण ती स्वतःच एक पूर्ण गाणं आहे. तिच्याखाली पेटीचे कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार स्वर) बदललेले ऐकू येत नाहीत.

तुणतुणं: अडचण अशी की ते सतत 'सा' धरून ठेवतं. खाली कॉर्ड बदलत असताना तो 'सा' काही ठिकाणी टोचतो. तारेवर तर्जनी हलकी टेकवून तिचा सूर मारा आणि दोन-चारवर नुसती 'टुक' काढा. छान लागते, आणि तुणतुण्याचं तुणतुणंपण जात नाही.

बेस: टब, दोरी आणि बांबू

बेस नसेल तर स्विंग उभंच राहत नाही. उभा डबल बेस आपल्या भागात मिळणं कठीण. बेस गिटार असेल तर प्रश्न मिटला. कीबोर्डच्या डाव्या हातानेही काम होतं. पण अमेरिकेच्या खेड्यांतला जुना उपाय आपल्याकडे शंभर टक्के जमण्यासारखा आहे: पालथा टब, मधून एक दोरी, आणि दोरी ताणायला काठी. चौंडक्यात हेच तत्त्व वापरलेलं आहे. तार ताणली की सूर चढतो, सैल केली की उतरतो.

सामान: ४५ ते ५० सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा टब (प्लास्टिकचा चालतो, पण आवाज बसका येतो), सव्वा ते दीड मीटरचा वाळलेला बांबू, अंगठ्यापेक्षा जाड, ४ मिलिमीटरची विणलेली नायलॉन दोरी, दोन मीटर, एक डोळ्याचा बोल्ट, दोन नट आणि दोन मोठे वॉशर.

टब पालथा घाला. तळाच्या बरोबर मध्यभागी बोल्टच्या मापाचं भोक पाडा. बोल्टचा डोळा वर राहील असा घालून पत्र्याच्या वर एक आणि खाली एक वॉशर द्या, नट आवळा. वॉशर विसरला तर ताणाने पत्रा भोकापाशी फाटतो. बांबूच्या खालच्या टोकाला करवतीने दोन सेंटिमीटर खोल खाच पाडा. ही खाच टबाच्या काठावर बसते. दोरीचं एक टोक डोळ्याला, दुसरं बांबूच्या वरच्या टोकाला बांधा. लांबी अशी ठेवा की दोरी ताठ झाली तेव्हा बांबू किंचित मध्याकडे झुकलेला असेल. बांबू सरळ उभा असताना दोरी आधीच ताठ झाली तर वरचे सूर काढायला मागे ओढायची जागाच उरत नाही.

वाजवताना एक पाय टबाच्या काठावर दाबून ठेवायचा आणि समोरच्या काठाखाली अर्धी वीट सरकवायची. वीट नसेल तर टब जमिनीला चिकटून बसतो, हवा अडकते आणि आवाज 'थप्प' एवढाच येतो. 'बेस वाजतच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. डाव्या हाताने बांबू मागे ओढला की सूर चढतो. भरवशाचा पल्ला साधारण एका सप्तकाचा, त्यापुढे सूर हलतो. बोटांना चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर दुसऱ्या गाण्याला फोड येतो.

कॉर्ड सरगमीत

इथे 'सा' कोणताही धरा. गिटार आणि व्हायोलिन असेल तर सफेद पाच सोयीचा. क्लॅरिनेट मुख्य असेल तर काळी पाच किंवा सफेद चार, कारण बँडचं क्लॅरिनेट त्या पट्टीला मोकळं वाजतं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, नेहमीप्रमाणे.

लागणारे कॉर्ड एवढेच:

सा चा: सा ग प ध
सा चा सातवा: सा ग प नि॒
म चा: म ध सा रे
म॑ चा घटलेला (डिमिनिश्ड): म॑ ध सा ग॒
ग चा सातवा: ग ध॒ नि रे
ध चा सातवा: ध रे॒ ग प
रे चा सातवा: रे म॑ ध सा
प चा सातवा: प नि रे म

'सा' आणि 'म'च्या कॉर्डमध्ये चौथा स्वर मुद्दाम घातला आहे. तो काढला की चाल भजनासारखी सरळ होते. स्विंगचा रंग बऱ्याच अंशी त्या 'ध' आणि 'रे'मध्ये आहे.

आठ बारांचा मुखडा असा बांधा. प्रत्येक बार चार ठोक्यांचा:

सा | सा सातवा | म | म॑ घटलेला | सा | ध सातवा | रे सातवा (२) प सातवा (२) | सा

अंतरा दोन-दोन बारांनी:

ग सातवा, ग सातवा | ध सातवा, ध सातवा | रे सातवा, रे सातवा | प सातवा, प सातवा

मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. झाले बत्तीस बार. अमेरिकेत त्या काळातली पुष्कळ गाणी याच आराखड्यावर उभी आहेत आणि आपल्या मुखडा-अंतऱ्याच्या सवयीला तो लगेच पटतो.

बेसने मुखड्यात असं चालायचं:

सा सा रे ग॒ | ग ग प म॑ | म म ध प | म॑ म॑ ध ध॒ | प सा प ध॒ | ध ध ग ग॒ | रे ध प नि | सा प सा नि

प्रत्येक बारचा शेवटचा स्वर पाहा: तो पुढच्या बारच्या पहिल्या स्वराच्या बरोबर अर्ध्या सुराने वर किंवा खाली आहे. चालत्या बेसचं सगळं गुपित तेवढंच. हे बांधून दिलेले स्वर पाठ झाले की स्वतःचे करायला घ्या, नियम मात्र तोच. टबावर अर्धे सूर नेमके लागणं अवघड. तिथे फक्त पहिला आणि तिसरा ठोका वाजवा आणि दोन-चार मोकळे सोडा. ते काही कमीपणाचं नाही. गाणं चालू असताना एक-तीन आणि सोलो (एका वादकाची एकट्याची फेरी) चालू झाला की चारही ठोके, असा बदल मुरलेले गटही मुद्दाम करतात, आणि चार ठोके सुरू झाले की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप सुटतात.

पेटी आणि गिटार

पेटीवाल्याला सूर धरून ठेवायची सवय असते. इथे उलट. दोन आणि चारवर कॉर्ड दाबायचा आणि लगेच सोडायचा, टाळाच्या 'चक्'बरोबर. भाता मात्र सतत भरलेला हवा. दर ठोक्याला भाता मारला तर सूर उशिरा येतो आणि सगळा गट मागे ओढला जातो. मधलं सप्तक वापरा. खर्जातल्या पट्ट्यांना बोलायला वेळ लागतो, शिवाय ती जागा बेसची आहे. कपलर बंद, ड्रोनचे खुंटे आत. चार स्वरांचा कॉर्ड जड होत असेल तर त्यातले तीनच घ्या, पण खालचा 'सा' सोडा, 'ग' आणि 'ध' सोडू नका. मूळ स्वर बेसकडे आहेच.

गिटार असेल तर त्याचं काम आणखी सोपं आणि आणखी कंटाळवाणं: चारही ठोक्यांवर खालच्या दिशेने एकेक झटका. तारा मारल्याबरोबर डाव्या हाताची बोटं सैल करायची, उचलायची नाहीत. दोन आणि चारवर थोडा जास्त भार. सहा तारांचे मोठे कॉर्ड विसरा. सहावी, चौथी आणि तिसरी अशा तीनच तारा. पाचवी बोटाच्या टेकण्याने मुकी. 'सा' सफेद पाच धरून पडदे असे (सहावी-चौथी-तिसरी या क्रमाने): सा साठी ३-२-४, मग ७-५-७ (ग पायाशी असलेला सा), म साठी ८-७-९, म॑ घटलेल्यासाठी ९-८-९, प सातव्यासाठी १०-१०-११. सहावी तार पाहिली तर ती बेसच्याच मार्गाने वर चढताना दिसेल. बॉब विल्स यांच्या गटात एल्डन शॅम्ब्लिन यांनी गिटारवर याच पद्धतीने दर एक-दोन ठोक्यांना जागा बदलत कॉर्ड चालवले. सुरुवातीला ते करायला जाऊ नका. एक बार, एक कॉर्ड.

पेटी आणि गिटार दोन्ही असतील तर दोघांनी एकाच वेळी कॉर्ड द्यायचे नाहीत. गिटारने चार ठोके धरावेत, पेटीने ओळींच्या मधल्या रिकाम्या जागा भराव्यात.

चाल वाजवणारे: बेंजो, क्लॅरिनेट, सनई

आपला बटणांचा बेंजो आणि अमेरिकेतला बँजो ही वेगळी वाद्यं आहेत. आपला मुळात जपानच्या ताईशोगोतोवरून आलेला. स्विंगमध्ये तो उत्तम चालतो, दोन दुरुस्त्या केल्या तर. एक, सुराच्या जोडतारांखाली जाड कापडाची पट्टी सरकवा. त्या मोकळ्या राहिल्या तर कॉर्ड 'ध सातवा' झाला तरी त्या 'सा'च म्हणत राहतात. दोन, लांब स्वरावर पिक थरथरवायची सवय सोडा. वरातीत ती शोभते, कारण तिथे आवाज अखंड हवा असतो. स्विंगमध्ये लांब-आखूड दिसण्यासाठी स्वरांमध्ये हवा लागते, आणि थरथर ती सगळी भरून टाकते. लांब मात्रेला पिक खाली, आखूड मात्रेला वर. हात या शिस्तीत बसला की ठेका आपोआप येतो.

क्लॅरिनेटवाल्याला फारसं सांगावं लागत नाही, बँडमध्ये हे रंग त्याने आधी चाखलेले असतात. त्याला एकच विनंती: मींड आणि मुरकी ठेवा, पण ओळीच्या शेवटी. प्रत्येक स्वराला मुरकी दिली की आखूड मात्रा हरवते.

दोघे चालवाले असतील (दोन क्लॅरिनेट, किंवा क्लॅरिनेट आणि व्हायोलिन) तर जोडफिडलची युक्ती वापरा. हा वेस्टर्न स्विंगचा ओळखीचा आवाज आहे. एकाने चाल, दुसऱ्याने तिच्या खालचा, त्या वेळच्या कॉर्डमधला जवळचा स्वर. 'सा'चा कॉर्ड चालू असताना चाल 'प'वर असेल तर दुसरा 'ग'वर. चाल 'ग'वर तर दुसरा 'सा'वर. सोलो नाही, फक्त मुखड्याची चाल. दोघांचा श्वास आणि गज एका जागी सुटेल इतकं घोटून घ्या.

व्हायोलिन शास्त्रीय वादकाचं असेल तर ते सा-प-सा-प असं लावलेलं असेल. ते जी-डी-ए-ई असं पाश्चात्त्य पद्धतीने लावून घेतलं तर कॉर्डच्या जोडस्वरांना बरं पडतं.

सनईचा आवाज देखणा, पण तिच्यासमोर कॉर्ड तग धरत नाहीत. सुरुवातीचे चार बार तिला द्या आणि मग गप्प बसवा.

जुन्या गिटारचा स्टील गिटार

१९३५ साली मिल्टन ब्राउन यांच्या गटातल्या बॉब डन यांनी विजेवरचा स्टील गिटार रेकॉर्डवर वाजवला आणि त्यानंतर या संगीतातून तो सुटलाच नाही. आपल्याकडे हवाईयन गिटार वाजवणारे जुने लोक अजून आहेत. ते मिळाले तर त्यांना घ्या. नाहीतर घरात पडलेला, मान वाकलेला गिटार चालतो. तारा पडद्यापासून उंच उचलायच्याच आहेत, त्यामुळे वाकलेली मान इथे दोष ठरत नाही.

वरच्या नटावर (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) एक सेंटिमीटर उंचीचा सळईचा तुकडा किंवा बाजारातला उंच नट बसवा. तारांचा हलका संच घ्या आणि एक 'जी' तार जादा. बसवायचं असं: पहिली तार आहे तशी 'ई'. दुसरी 'बी'वरून अर्धा सूर चढवून 'सी'. तिसरी 'जी'वरून एक सूर चढवून 'ए'. चौथ्या जागी जादा 'जी' तार, 'जी'लाच. पाचव्या जागी चौथीची 'डी' तार, 'ई'पर्यंत चढवून. सहाव्या जागी पाचवीची 'ए' तार, 'ए'लाच. मोकळ्या तारांवर हात फिरवला की 'सा ग प ध'चाच कॉर्ड ऐकू येतो, सफेद एकचा. सळई सातव्या पडद्यावर सरळ ठेवली की सफेद पाचचा, पाचव्यावर सफेद चारचा.

सळई म्हणून १९ ते २२ मिलिमीटर जाडीचा, आठ सेंटिमीटर लांब, गुळगुळीत घासलेला स्टीलचा तुकडा वर्कशॉपमधून करून घ्या. कडा गोल हव्यात, नाहीतर तारा कापतात. सळई पडद्यांच्या मध्ये नाही, पडद्याच्या बरोबर वर. सळईच्या मागे डाव्या हाताची उरलेली बोटं तारांवर पडलेली हवीत. ती उचलली की खरखर येते. आणि घसरत जाणं थोडं. हिंदी गाण्यांच्या सवयीने प्रत्येक स्वरावर घसरगुंडी केली की ठेका मऊ पडतो. छोट्या, तुटक कॉर्डांच्या ठिणग्या जास्त उपयोगी.

कोणतं गाणं घ्यायचं

ओवी टाळा. तिचे साडेतीन चरण आठ बारांत कोंबता येत नाहीत, आणि कोंबले तर ओवी राहत नाही. आरती आणि अभंगाला हात लावायच्या आधी मंडळातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ठेका बदलला की काहींना ते रुचत नाही आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. गवळण, भारूड, लग्नातली गमतीची गाणी, स्वतः बांधलेलं काही, हे सगळं चालतं. चरण दोन बारांत बसतो का, एवढं आधी टाळी देऊन पाहा. बोल समेच्या आधी उचलणारे असतील तर उत्तमच. स्विंगमध्ये ओळ पहिल्या ठोक्याच्या आधीच्या आखूड मात्रेवर सुरू झाली की तिला धक्का मिळतो.

झीलकरी असेल तर त्याला सोडू नका. विल्स स्वतः गाण्याच्या मध्ये 'आ-हा' करून ओरडायचे आणि सोलो घेणाऱ्याचं नाव पुकारायचे. आपला झीलकरी हे काम जन्मापासून करतोय. मुखड्याच्या शेवटच्या बारमध्ये त्याने पुढच्या वादकाला नावाने किंवा नात्याने हाक द्यायची: 'घ्या हो मामा, बेंजो!' ही हाक शोभेची नाही. लेखी कागद नसलेल्या गटात पुढे कोण हे सगळ्यांना त्यातूनच कळतं.

तालमीचा क्रम

पहिल्या काही बैठकांना चाल वाजवणाऱ्यांना बोलवूच नका. ढोलकी, टाळ आणि बेस एवढेच तिघे, मुखडा पुन्हा पुन्हा, ११० च्या लयीत. मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवा. लय पळतेय हे वाजवताना कळत नाही, ऐकताना लगेच कळतं. ती बहुतेक वेळा अंतऱ्यात पळते, कारण तिथे कॉर्ड ओळखीचे नसतात आणि हात घाईला येतो. तिघं स्थिर झाले की पेटी-गिटार, मग गायक, आणि सगळ्यात शेवटी बेंजो-क्लॅरिनेट. उलट क्रमाने गेलं तर चाल वाजवणारे आपापल्या लयीत वाजवतात आणि तालवाले त्यांच्या मागे धावतात.

गाण्याची बांधणी: मुखड्याचे शेवटचे चार बार वाजवून सुरुवात. मग पूर्ण बत्तीस बार गायन, बेस एक-तीनवर. मग दोघा-तिघांचे सोलो, प्रत्येकी मुखडा-मुखडा एवढेच, बेस चारही ठोक्यांवर. सोलो चालू असताना बाकी चालवाले गप्प. ओळीच्या शेवटी दोन स्वरांचं उत्तर दिलं तर चालेल. मग अंतऱ्यापासून पुन्हा गायन. शेवटच्या मुखड्याला संबळ आणि हलगीची जाड काडी.

मराठवाड्याची हवा आणि माइक

एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, ढोलकीचं कातडं कोरडं पडून चढतं. क्लॅरिनेटही उन्हात तापलं की चढं बोलतं. पेटीचा सूर मात्र वादकाला जागेवर बदलता येत नाही. म्हणून सगळ्यांनी पेटीला लावायचं, पेटीने कुणाला नाही. क्लॅरिनेट वाजवण्याआधी दहा मिनिटं फुंकून गरम करा, मग लावा. दुपारी लावलेली ढोलकी रात्री उतरलेली असते. मंचावर जायच्या आधी पुन्हा पाहा. पावसाळ्यात उलट, हलगी सैल पडते, ती शेकून घ्यावी लागते, पण पूर्ण चढवायची नाही हे वर आलंच आहे.

माइक तीनच मिळाले तर: एक गायकाला, एक पेटीला (वीतभर अंतरावर, भात्याकडून नाही), एक टबाच्या उचललेल्या काठाशी जमिनीलगत. बेंजो थेट मिक्सरमध्ये. ढोलकी, हलगी, टाळ यांना माइक लावू नका, साउंडवाला कितीही म्हणाला तरी. त्याला इको पूर्ण बंद करायला सांगा. इको चालू राहिला की आखूड मात्रेचा पडसाद पुढच्या ठोक्यावर जाऊन पडतो आणि लांब-आखूडचा पत्ता लागत नाही. बेस थोडा जास्त, पेटी थोडी कमी. नाचणारे समोर असतील तर साउंडवाल्याच्या जागेवरून नाही, त्यांच्या जागेवर जाऊन ऐका. टबाचा आवाज तिथपर्यंत पोचत नसेल तर आधी वीट पाहा, मग मिक्सर.